दोन पट्ट्या वर

हेवा हे पाप आहे, हे रत्नम्माला कुणी शिकवायची गरज नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांकडून सात महापापांची यादी तीच पाठ करून घ्यायची, आणि हेव्यापाशी येऊन एखादं पोर अडखळलं तर त्याच्या डोक्यात टपली हाणायची. पण पाठ असणं वेगळं आणि पोटात असणं वेगळं. यंदाच्या उपवासकाळात ते पाप तिच्या पोटात मुक्कामाला आलं, आणि त्याला कारण झाली साक्षी नावाची बावीस वर्षांची पोरगी.

रत्नम्मा मूळची देगलूरकडची, लग्न होऊन लातूरला आलेली. नवरा लवकर गेला. तीस वर्षं तिनं डाळमिलमध्ये चाळणीवर काम केलं आणि त्यातली सव्वीस वर्षं चर्चचं गायनमंडळ सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, राज्य केलं. अकरा बाया, चार बाप्ये, एक पेटी, एक तबला आणि वेदीच्या डाव्या हाताला अंथरलेली सतरंजी, एवढाच मुलूख. पण त्यात तिच्या हुकमावाचून कुणी खोकत नसे. कुणी कुठं बसायचं, कुठलं कडवं कुणी म्हणायचं, नाताळात कुठल्या रंगाच्या साड्या नेसायच्या, सगळं तीच ठरवणार. फादर दर पाच-सहा वर्षांनी बदलत. रत्नम्मा बदलत नसे.

आणि गुड फ्रायडेचं गाणं तिचं होतं. दानियल मास्तर म्हणून जुने धर्मशिक्षक होते, त्यांनी ते रचलं आणि माप घेऊन झंपर शिवावा तसं तिच्या गळ्यासाठी बेतलं. क्रूसावरचा येशू आपल्या बापाला हाक मारतो, असं ते गाणं. पहिल्या दोन ओळी खालीच घुटमळतात आणि तिसरी ओळ, ‘बापा, तू कुठं गेलास’, एकदम चढते, पार वरच्या पंचमापर्यंत. दुपारी तीनच्या प्रार्थनेत, लोक क्रूसाचं चुंबन घ्यायला उठण्याआधी, सगळं चर्च गप्प असताना रत्नम्मा एकटी उभी राहून ते म्हणायची. वर्षभर ती डाळमिलमधली बाई होती. त्या चार मिनिटांत मात्र मिलचा मुकादमसुद्धा मान खाली घालून तिचं ऐकत बसायचा.

साक्षी कंधारची. बाप व्यंकटी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा. पोरगी नोकरीला लातुरात आली, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात फॉर्म भरून घ्यायला, आणि राहायला सिस्टरांच्या होस्टेलात. डिसेंबरातल्या एका रविवारी ती सतरंजीच्या कडेला येऊन बसली, आणि दुसऱ्याच गाण्याला ईश्वरप्पा मास्तरांनी पेटी वाजवता वाजवता डोळे मिटले.

हे डोळे मिटणं रत्नम्माला खुपलं. ईश्वरप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बोलणं मोजकं, पण कान असा की पंख्याची घरघर ऐकून ती कुठल्या पट्टीत आहे ते सांगतील. आपल्या गाण्याला त्यांनी शेवटचे डोळे कधी मिटले होते, हे रत्नम्मा आठवायला लागली. आठवेना. दहा वर्षं तरी झाली असावीत.

साक्षी उद्धट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण ती ‘अक्का, अक्का’ करत मागं फिरायची, हातातली पिशवी घ्यायची, रिक्षा थांबवून द्यायची. चूक दाखवली की वहीत टिपून घ्यायची आणि पुढच्या रविवारी ती चूक सापडायची नाही. रत्नम्मा घरी येऊन चहाचं आधण ठेवताना तिची खोड शोधत बसायची, आणि एकही सापडली नाही की तिचा राग आणखी वाढायचा. ‘लई गोड बोलून राहिली,’ ती एकटीच भांड्यांना सांगायची. ‘एवढं गोड माणूस खरं नसतं.’

घात उपवासकाळातल्या तिसऱ्या शुक्रवारी झाला. क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून गायनमंडळ सरावाला बसलं, आणि गुड फ्रायडेच्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला रत्नम्माला खोकल्याची उबळ आली. तीस वर्षांची डाळीची धूळ, ती काय कुणाचं ऐकते? तिनं पाणी पिऊन पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच अडलं. तसं बघितलं तर गेली दोन वर्षं ती गुपचूप पट्टी उतरवत आली होती. पेटीवरच्या काळी चार पट्टीतलं गाणं खाली काळी तीनवर आणलं होतं. गुड फ्रायडेला पेटी नसते, मग कळतं कुणाला? ईश्वरप्पांना कळत होतं. ते बोलले नव्हते, एवढंच.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादर सायमननी तिला बाजूला घेतलं. फादर वसईकडचे, तरुण, दुसऱ्याचं मन न दुखवता बोलायला बघणारे.

‘रत्नम्माबाई, यंदा घशाला जरा विश्रांती द्या. ते गाणं साक्षी म्हणेल. पण सूर मात्र तुम्हीच द्यायचा हं. त्या दिवशी पेटी नाही, तुमच्या गळ्याशिवाय आमचं कोण आहे?’

ही तिथली रीत. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत गौरवगीत झालं की पेटी-तबला बंद. ईस्टरपर्यंत घंटासुद्धा वाजत नाही. मग शुक्रवारी जो गाणार, त्याच्या मागं गायनमंडळाच्या प्रमुखानं उभं राहायचं आणि त्याच्या कानाशी सूर गुणगुणायचा. बाकी कुणाला तो ऐकू जात नाही. गाणाऱ्यानं तो मुकाट उचलायचा, आणि दिलेला सूर बदलायचा नाही.

‘हाव फादर,’ रत्नम्मा म्हणाली आणि हसली. ते हसू काढून ठेवायचं विसरल्यासारखं घरापर्यंत चेहऱ्यावर राहिलं. घरी तिनं दार लावलं, पदर तोंडात कोंबला आणि रडली. माझं गाणं माझ्या जिवंतपणी दुसरीला दिलं आणि मला काय ठेवलं, तर गुणगुणायचं! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शिकवण्यात मात्र तिनं कसूर केली नाही. तिथं तिची अब्रू होती. शब्द कुठं तोडायचा, दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास कसा चोरायचा, सगळं तिनं साक्षीला दिलं. ईश्वरप्पा पेटीवर काळी चार धरायचे आणि साक्षी तिसरी ओळ चढायची. पोचायची, पण जेमतेम. त्या वेळी तिच्या गळ्याची शीर फुगायची आणि डाव्या हाताची मूठ आवळली जायची. इतर बाया आवाज ऐकत होत्या. रत्नम्मा ती मूठ बघत होती. इथून वर हिला जागा नाही, हे तिनं मनात पक्कं नोंदवलं. का नोंदवलं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी गौरवगीत झालं. ईश्वरप्पांनी पेटीचा भाता मिटला, वर जांभळं कापड टाकलं आणि ती भिंतीकडे सरकवली. रत्नम्मा त्या झाकलेल्या पेटीकडे बघत राहिली. उद्या दुपारी तीन वाजता या पोरीला सूर विचारायला जगात एकच जागा असणार, आणि ती जागा म्हणजे मी. असा विचार करायला तसं काही वाईट नव्हतं. पण तो करताना तिला इतकं बरं वाटलं की तिनं घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली.

शुक्रवारी ऊन असं की चर्चच्या पत्र्याखाली पंखे नुसतीच गरम हवा ढवळत होते. बसायला जागा नव्हती. औशाकडून, निलंग्याकडून जीपा भरून माणसं आली होती. साक्षी पांढऱ्या साडीत उभी राहिली. मागं वळून हळूच म्हणाली, ‘अक्का, लई भ्या वाटून राहिलं. तुम्ही हाय ना मागं?’

‘हाय की,’ रत्नम्मा म्हणाली. ‘तू फक्त मी देते तो सूर धर.’

आणि तिनं काळी पाच दिली.

घसा घसरला, खोकला आला, चुकून झालं, असं काही नाही. हा गळा सव्वीस वर्षांत एकदाही चुकून चुकला नव्हता. मधली पांढरी धरून दोन पट्ट्या वरचा सूर तिनं नीट, स्वच्छ, साक्षीच्या उजव्या कानाशी ठेवला. साक्षीची मान किंचित ताठ झाली. तिनं तो उचलला.

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. खालचं गाणं वरच्या पट्टीत आल्यामुळं ते उगीच उजळ वाटत होतं. समोरच्या बाकावर ईश्वरप्पांनी मान वर केली आणि सरळ रत्नम्माकडे पाहिलं. तिनं नजर क्रूसावर लावली. साक्षीनं दुसऱ्या ओळीच्या शेवटी, शिकवल्याप्रमाणे, श्वास चोरला आणि तिसरी ओळ धरली. ‘बापा, तू’ इथपर्यंत आवाज चढला, ‘कुठं’वर गेला आणि फाटला. कापड फाटावं तसा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा फाटला.

रत्नम्माला आनंद झाला. लपवून काय करायचं, झाला. पोटातली सगळी आग एका क्षणात निवली.

साक्षी थांबली. तिनं पुन्हा सूर मागितला नाही, मागं वळूनही पाहिलं नाही. चर्चमध्ये पंख्यांची घरघर तेवढी चालू होती. मग तिनं ओळ पहिल्यापासून न घेता फक्त उरलेला शब्द म्हटला, ‘गेलास’. त्याला सूर असा नव्हताच. घरात कुणी नाही हे कळल्यावर लहान पोर दारात उभं राहून बोलतं तसा, फाटक्याच आवाजात, खाली.

पहिला हुंदका बाप्यांच्या बाजूनं आला. घंटा वाजवणारा रामकिशन, बायको गेली तेव्हाही ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, तो तोंडावर रुमाल धरून बसला होता. मग बायांकडून आला, मग कुठून कुठून आला ते कळेना. फादर क्रूस धरून उभे होते आणि त्यांना पुढची प्रार्थना सुरू करता येईना. माणसं चुंबन घ्यायला आली ती रडत आली आणि रडत परत गेली. रत्नम्मा सतरंजीच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होती. सव्वीस वर्षं लोक तिला म्हणाले होते, ‘छान झालं, अक्का.’ असं रडलं कुणी नव्हतं.

प्रार्थना सुटल्यावर ईश्वरप्पा तिला चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली गाठून म्हणाले, ‘रत्नम्मा, काळी पाच दिली तू.’

आता सगळ्यांसमोर शोभा, असं तिला वाटलं.

‘आधी वाटलं, चुकली,’ ईश्वरप्पा म्हणाले. ‘मग म्हटलं, सव्वीस वर्षांत चुकली न्हाई ती आज कशी चुकंल? आन् मग पोरीचा आवाज फाटला तवा मला उजेड पडला. तिथं वर माणूस मरून राहिला, त्याचा आवाज गोड कसा निघंल? तो फाटायलाच पायजे. चाळीस वर्षं पेटी वाजवली म्या, पण हे मला सुचलं न्हाई, बाई.’ आणि त्या अबोल माणसानं डोक्यावरची टोपी काढून तिला हात जोडले.

पाठोपाठ बाया आल्या. तबल्यावरचा सिद्धलिंग आला. फादर आले आणि म्हणाले, ‘स्वतःची जागा सोडून दिलीत, आणि वर तिला एवढं मोठं दान दिलंत. असं मन कुणाकडे असतं?’ कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता, तो संध्याकाळपर्यंत नांदेड, उदगीर, कुठं कुठं पोचला. रत्नम्मानं दगड भिरकावला होता तो डोकं फोडायला. लोक मात्र आंबा पडला म्हणून तिची पाठ थोपटत होते. ‘काही न्हाई, काही न्हाई,’ ती म्हणत राहिली, तर लोकांना तो तिचा मोठेपणाच वाटला. शेवटी ती उपाशीपोटीच आडवी झाली. तसा तो दिवस उपवासाचाच होता, त्यामुळं त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी ईस्टरच्या आधीचं पापनिवेदन असतं. रत्नम्मा रांगेत उभी राहिली. जाळीपाशी गुडघे टेकल्यावर तिनं आधी बारीकसारीक पापं सांगितली, शेजारणीशी भांडण, एक चुकलेली मिस्सा. मग म्हणाली, ‘फादर, कालचा सूर मी तिला पाडायला दिला.’ आणि सगळं सांगितलं. झालेला आनंदसुद्धा सांगितला.

काल ज्या तोंडानं तिचं कौतुक केलं, त्याच तोंडानं आता काय बोलावं, हे फादरना सुचत नसावं.

‘तिला सांगा,’ शेवटी ते म्हणाले. ‘आजच. तेच तुमचं प्रायश्चित्त.’

साक्षी चर्चच्या मागच्या ओसरीत ईस्टरसाठी पितळी मेणबत्तीदाण्या चिंचेनं घासत बसली होती. रत्नम्माला बघून ती उठली. आवाज पार बसला होता. ओठ हलत होते आणि त्यातून नुसती खरखर येत होती.

‘साक्षी, मला तुला एक सांगायचंय,’ रत्नम्मा म्हणाली.

‘आधी माझं ऐका अक्का, न्हाईतर माझा आवाज पुरता जाईल.’ ती हसली. ‘काल सूर कानात पडला तवाच कळलं मला, पट्टी वर हाय. वाटलं, मुकाट्यानं उतरवून घ्यावं, कुणाला कळतंय? मग म्हटलं, अक्कानं दिला म्हणजे अक्काला काहीतरी दिसलं असंल जे मला दिसत न्हाई. बाबा माझे बँडातले. लहानपणापासून एकच सांगत आले, काळी चारच्या वर जाऊ नको, तुझी धाव तेवढीच. शाळेत तेच, क्लासात तेच. जिथं जाईल तिथं लोक आधी मला माझी धावच सांगतेत. वरचं देणाऱ्या तुम्हीच पहिल्या. फाटला आवाज तर फाटू द्या. काल बाबाला फोन केला, त्यांनी व्हिडिओ बघितला होता. मग म्हणले, तुझ्या अक्काला माझा नमस्कार सांग.’ तिनं चिंचेचे हात पदराला पुसले आणि रत्नम्माचे दोन्ही हात धरले. ‘पुढच्या साली पण काळी पाचच द्या मला. तवर मी पोचते का न्हाई बघा.’

रत्नम्माच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. मी तुला पाडायला दिला होता, पोरी; एवढंच. ते बोलायला किती सोपं होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला आश्चर्य वाटलं. एवढं मोठं पाप, आणि ते सांगायला जीभ अशी का धावावी? मग तिनं समोरच्या तोंडाकडे पाहिलं. रात्रभर झोप नसावी, तरी ते तोंड उजळलं होतं. हे वाक्य पडलं की ते विझणार. बापाचा नमस्कार खोटा होणार, दोन पट्ट्या वरचा विश्वास खोटा होणार, आणि धाव तेवढीच, हेच पुन्हा खरं ठरणार. आणि वर मी फादरचं ऐकलं म्हणून मोकळी. काल जमलं नाही ते आज जमणार होतं, तेही देवाच्या नावानं.

हेवा काही गेला नव्हता. तो तिथंच होता, चांगला जागा, आणि ‘सांग, सांग’ म्हणत होता.

‘काय सांगणार होतात, अक्का?’

‘मिठाच्या गुळण्या कर,’ रत्नम्मा म्हणाली. ‘दोन दिवस बोलू नको. आन् उद्या तू फक्त ओठ हलव, आवाज लावायचा न्हाई.’

‘आन् पुढच्या साली?’

‘देईन,’ रत्नम्मा म्हणाली. ते म्हणताना तिला जेवढं जड गेलं, तेवढं डाळमिलच्या तीस वर्षांत चाळणीवर पोती उपसतानाही गेलं नव्हतं.

ती तिथून निघाली आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढं सात माणसं होती. मुकादमाची बायको मागं वळून म्हणाली, ‘अक्का, तुम्ही तर आत्ताच जाऊन आल्या की.’ रत्नम्मानं ऐकू न आल्यासारखं केलं. तिचा नंबर आला तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं. तिनं गुडघे टेकले.

‘फादर, मीच हाय. माझं प्रायश्चित्त बदलून द्या.’

‘का? सांगायला जमलं नाही?’

‘जमतंय की. तोंडावर आलंय, फादर,’ रत्नम्मा म्हणाली. ‘सांगून टाकलं तर मला लई बरं वाटंल. म्हणून म्हणते, बदलून द्या.’